छोट्या ख्रिस्ती कॉलेजात चॅप्लेनचं काम: बुधवारची प्रार्थना कशी घ्यावी?

निळी_शाई:
मिशनने सुरू केलेलं अनुदानित कॉलेज आहे. अकरावीपासून पदवीपर्यंत साधारण सहाशे मुलं, त्यात ख्रिस्ती पस्तीस-चाळीस. बाकी हिंदू, बौद्ध, मुस्लिम, थोडी जैन. जूनपासून चॅप्लेनचं, म्हणजे कॉलेजच्या धर्मसेवकाचं, काम माझ्याकडे आलंय. बुधवारच्या वीस मिनिटांच्या प्रार्थनासभेला आतापर्यंत हजेरी घेतली जायची. ती चालते का? आणि ख्रिस्तीपण पातळ न करता बाकीच्या मुलांचा मान कसा राखायचा? राखेच्या बुधवारचं (ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस, कपाळाला राख लावतात तो) आणि नाताळचंही सांगा.

पायरी:
हजेरी आधी बंद करा. राज्यघटनेच्या कलम २८(३) प्रमाणे सरकारमान्य किंवा अनुदानित संस्थेत कुणालाही संमतीशिवाय उपासनेला बसवता येत नाही. विद्यार्थी अल्पवयीन असेल तर संमती पालकांची लागते. अकरावी-बारावीची बहुतेक मुलं अठराच्या आतली, म्हणून प्रवेशाच्या वेळीच वेगळ्या कागदावर पालकांची सही घ्या. अर्जाच्या तळाशी बारीक अक्षरात घुसडलेली ओळ म्हणजे संमती नव्हे. न येणाऱ्यांसाठी वाचनालय उघडं ठेवा, त्यांना व्हरांड्यात ताटकळत ठेवू नका.

वीस मिनिटं अशी बसतात: शांतता दोन, शास्त्रवाचन तीन, मनन सात, गीत चार, प्रार्थना दोन, उरलेली दोन ये-जा करण्यात जातात. घसरतं ते मनन. ते लांबलं की पुढचा तास बुडतो आणि ज्यांचा तास बुडतो ते प्राध्यापक सभेच्या विरोधात जातात. मनन कागदावर लिहून आणा, हस्ताक्षरात दोन पानांच्या वर नको.

प्रार्थनेआधी 'चला, आपण सगळे येशूच्या नावाने मागू या' म्हटलं की न मानणाऱ्याच्या तोंडी आपले शब्द जातात. त्याऐवजी म्हणा, 'मी आता ख्रिस्ती रीतीने प्रार्थना करतो. ज्यांना वाटेल त्यांनी सामील व्हा, बाकीच्यांनी नुसतं शांत बसलं तरी चालेल.' एवढं सांगितल्यावर येशूचं नाव मोकळेपणाने घ्या, चाचरू नका.

चिंचेखाली:
पायरी यांच्याशी सहमत. एक भर घालते. सगळ्यांना जवळ करायचं म्हणून 'ईश्वर एकच, नावं अनेक' हे वाक्य हमखास येतं. बौद्ध आणि जैन परंपरेत सृष्टिकर्ता ईश्वर नाहीच, त्यामुळे नेमकी ती मुलं या वाक्याने वगळली जातात.

नाताळचं नियोजन करताना आगमनकाळ (नाताळाआधीच्या चार रविवारांचा तयारीचा काळ) कॅलेंडरवर मांडून बघा. तो २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबरच्या दरम्यान सुरू होतो, म्हणजे ६ डिसेंबर दरवर्षी त्यातच येणार. महापरिनिर्वाण दिनाला बरीच मुलं दादरला चैत्यभूमीवर जातात. ५ ते ७ तारखेला कॅरोलची तालीम, ढोलकी, सजावट काहीही ठेवू नका आणि त्या दिवशी कॉलेजात बाबासाहेबांना अभिवादन मनापासून करा. केक बिनअंड्याचा मागवा आणि खोक्यावर तसं लिहा, नाहीतर जैन मुलं न विचारता गप्प उपाशी राहतात.

गाण्यांत इंग्रजी कॅरोलच नकोत. मराठी ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी (१८६१–१९१९) अभंग-भजनाच्या वळणाने ख्रिस्ती गीतं रचली. वारकरी घरातल्या मुलाच्या हाती टाळ दिला तर त्याला ठेका शिकवावा लागत नाही.

घंटा_नववी:
राखेबद्दल. मागच्या झावळ्यांच्या रविवारच्या (ईस्टरआधीचा रविवार) वाळलेल्या झावळ्या लोखंडी घमेल्यात जाळा, पूर्ण निवू द्या, चुरा आणि चहाच्या गाळणीतून दोनदा गाळा. चमचाभर राख पन्नासेक कपाळांना पुरते. पाण्यात कालवू नका. राख आणि पाणी मिळून क्षार सुटतो, कातडी भाजते. कोरडीच लावा, फार तर थेंबभर तेल.

ख्रिस्ती मुलांतही कॅथलिक, चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, मेथडिस्ट, पेंटेकॉस्टल असतील. एकत्र उपासनेत प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी) ठेवू नका, कॅथलिक मुलं ते घेऊ शकत नाहीत आणि चार मुलं मागे बसून राहतात. वचन, गीत, प्रार्थना एवढंच ठेवा.

निळी_शाई:
आभार. नमाजासाठी जागा मागितली तर? आणि मुलं स्वतःचं काही सांगायला आली तर?

पायरी:
एक शांत खोली सगळ्यांना द्या. भिंतीवर काही नको, चपला बाहेर, चटया गुंडाळून कोपऱ्यात, जवळ पाण्याचा नळ. प्रार्थनामंदिरात मात्र क्रूस आहे तसाच राहू द्या, तो झाकण्याचं कारण नाही. शुक्रवारी दुपारी जुम्माच्या वेळी प्रात्यक्षिकं लावू नयेत म्हणून वेळापत्रक समितीशी जूनमध्येच बोला.

भेटायला आलेल्या मुलाला पहिल्याच वाक्यात सांगा: तुझं बोलणं माझ्यापाशी राहील, पण तुझ्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका दिसला तर मला मदत बोलवावी लागेल. हे नंतर सांगितलं तर विश्वासघात वाटतो. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक दारावर लावा. न विचारता प्रार्थना करू नका, आधी विचारा आणि 'नको' म्हणाला तर पाणी द्या, ऐका.

फीसवलतीचे अर्ज तुमच्या टेबलावर अजिबात येऊ देऊ नका. मदत आणि प्रार्थना एकाच हातून मिळाली की मुलाच्या मनात आणि त्याच्या घरी शंका येते, ती पुसली जात नाही. ते काम कार्यालयाकडेच राहू द्या, शिफारसही लेखी मागितली तरच.