ज्युनियर मुलींच्या पदकांना काडीची किंमत नाही?

तिसरी_लेन
काल इथे एकाने विश्व ज्युनियर अ‍ॅथलेटिक्सबद्दल (वीस वर्षांखालच्यांची जागतिक स्पर्धा) लिहिलं: "विश्व ज्युनियरमधल्या मुलींच्या पदकांना काडीची किंमत नाही. सोळाव्या वर्षी जिंकतात, विशीत गायब होतात. डोक्यावर घेऊ नका." तेव्हापासून डोकं फिरलंय, म्हणून सविस्तर लिहितेय.

१२ जुलै २०१८, फिनलंडमधलं ताम्पेरे, विश्व ज्युनियरची ४०० मीटरची फायनल. शेवटच्या वळणावरून बाहेर पडताना हिमा दास चौथी होती. तिथून ५१.४६ सेकंदांत पहिली आली. रुमानियाची मिक्लोश दुसरी, ५२.०७. लोक म्हणतात, "शेवटी काय वेग घेतला!" अहो, ४०० मध्ये शेवटी कुणीच वेग घेत नाही. मांड्या दगड होतात, खांदे कानाला लागतात, सगळ्याच मंदावतात. जी सर्वांत कमी मंदावते ती जिंकते. अठराव्या वर्षी ते जमलं आणि जागतिक स्पर्धेत ट्रॅकवरचं भारताचं पहिलं सुवर्ण आलं.

आणि गायब कोण झालं? जमैकाच्या टीना क्लेटनने विश्व ज्युनियरमध्ये २०२१ नैरोबी आणि २०२२ काली, दोन्हीकडे १०० मीटर जिंकली. २०२५ ला टोकियोच्या विश्व स्पर्धेत तीच १०.७६ मध्ये रौप्यावर. सेंट लुसियाच्या ज्युलियन अल्फ्रेडला २०१८ च्या युवा ऑलिंपिकमध्ये रौप्य मिळालं, २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये १०० मीटरचं सुवर्ण, १०.७२ मध्ये. अमेरिकेची ऑलिंपिक विजेती अ‍ॅलिसन फेलिक्स २००१ ची विश्व युवा (१८ वर्षांखालची) विजेती. आणखी किती नावं देऊ?

घड्याळी_बाबा
ते वाक्य माझंच आणि मी त्यावर ठाम आहे. तुम्ही सोयीची नावं घेतलीत. अमेरिकेची कँडेस हिल घ्या. २०१५ ला सोळाव्या वर्षी १०० मीटर १०.९८, त्याच वर्षी विश्व युवा स्पर्धेत १०० आणि २०० दोन्ही सुवर्णं, लगेच व्यावसायिक करार. पुढच्या वर्षी विश्व ज्युनियरही जिंकली. ऑलिंपिकमध्ये मात्र कधी दिसली नाही. जमैकाच्या ब्रियाना विल्यम्सने सोळाव्या वर्षी ताम्पेरेत दोन सुवर्णं घेतली. टोकियो ऑलिंपिकमध्ये रिलेचं सुवर्ण मिळालं, वैयक्तिक पदक नाही. ती १८ वर्षांखालची विश्व युवा स्पर्धा तर २०१७ नंतर जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेनेच बंद केली.

तीस वर्षं मैदानावर घड्याळ धरून उभा आहे. सोळाची पोरगी उडते, अठराची अडखळते. दरवर्षी तेच बघतो.

आई_मैदानातली
बाबा, ती का अडखळते, हे त्या तीस वर्षांत कुणाला विचारलंत?

माझी मुलगी पंधराव्या वर्षी १०० मीटर १२.४ सेकंदांत पळायची. सतराव्या वर्षी १२.९. शरीर भरलं, कंबर रुंदावली, पावलाची लय बिघडली. कोच म्हणाले, वजन उतरवा. तिने रात्रीचं जेवण सोडलं. पाच महिने पाळी आली नाही आणि तिने ते लपवलं, कारण कोचच्या मते पाळी थांबणं ही "फिटनेसची खूण" होती. एका संध्याकाळी नडगीवर बोट ठेवून म्हणाली, "आई, इथे ठणकतंय." हाडाला बारीक चीर होती. स्पाइक्सच्या (पळायच्या बुटांच्या) पिनांना अजून माती होती, मी त्या पुसत रडत होते. मुलगी गायब झाली नाही, तिला उपाशी ठेवून पळवलं गेलं.

वळणावरचा
वयाचे खोटे दाखले राहिलेच. माझ्या काळी १६ वर्षांखालच्या शर्यतीत जो मला सलग दोन वर्षं हरवत होता, तो कागदावर दोन्ही वर्षं पंधराचाच होता.

चौथी_आलेली
मुद्द्याचं बोला. विश्व ज्युनियर, नैरोबी २०२१, २०० मीटर. नामिबियाच्या दोघी, क्रिस्टिन म्बोमा २१.८४, मासिलिंगी २२.१८. शरीरात मुळातच टेस्टोस्टेरॉन (पुरुषी संप्रेरक) जास्त असलेल्यांवरच्या नियमामुळे दोघींनाही ४०० बंद, म्हणून २०० मध्ये आल्या. तिसरी नायजेरियाची फेवर ओफिली, २२.२३. तिच्या सुवर्णाचं काय? मी स्वतः आयुष्यभर चौथी आले आहे. पोडियमखाली उभं राहून टाळ्या वाजवणं काय असतं, ते मला विचारा.

तिसरी_लेन
२०० ला तेव्हा तो नियमच नव्हता! म्बोमा तेव्हा अठरा वर्षांची होती. ऑलिंपिकच्या तोंडावर ४०० चं दार बंद झालं, तरी टोकियोत २०० मध्ये २१.८१ पळून रौप्य घेतलं. तिने कुणाचं काय चोरलं? आणि ओफिलीचाच कळवळा असेल तर हेही सांगा की त्याच टोकियोत तिला पळूच दिलं नाही, कारण तिच्या देशाच्या संघटनेने उत्तेजक चाचण्यांची पूर्तता केली नव्हती. पॅरिसमध्ये १०० ला तिचं नावच पाठवलं नाही. तिचं जास्त नुकसान कुणी केलं?

चौथी_आलेली
संघटनेचं पाप वेगळं, शर्यतीतला अन्याय वेगळा. मुलींचा गट कशासाठी आहे, याचं उत्तर द्या. मार्च २०२३ मध्ये जागतिक संघटनेने सर्वच प्रकारांना टेस्टोस्टेरॉनचा नियम लावला, २०२५ पासून एसआरवाय या पुरुषलिंगाशी जोडलेल्या जनुकाची चाचणी. उगाच?

आई_मैदानातली
आणि त्या चाचणीचा कागद हातात येतो तेव्हा समोर कोण असतं? सतरा-अठराची मुलगी. २०१४ ला टेस्टोस्टेरॉन जास्त म्हणून आपल्या धावपटू द्युती चंदला राष्ट्रकुलच्या संघातून ऐनवेळी वगळलं तेव्हा ती अठराची होती. वर्षभर आधी विश्व युवा स्पर्धेत १०० च्या फायनलला पोचलेली पोर! घरोघरी तिच्या शरीराची चर्चा. तुमचं चौथं येणं दुखतं, मान्य. पण तुमच्या अंगाची चिरफाड कुणी पेपरात छापली नाही.

चौथी_आलेली
हे लागलं. बरं, एवढं मान्य करते: तपासणी करायचीच तर गुपचूप आणि मुलगी स्पर्धेला निघण्याच्या खूप आधी व्हावी. त्यापुढे एक पाऊलही हटणार नाही.

वळणावरचा
दाखल्यांबद्दल कुणीच बोलणार नाही का?

घड्याळी_बाबा
थांबा जरा. मैदानातल्या आई, तुमचं लिहिलेलं तीनदा वाचलं. वजन उतरवायला मीही सांगत आलोय. पाळीचं विचारायला संकोच वाटायचा, म्हणून कधी विचारलं नाही. 'काडीची किंमत नाही' हे शब्द मागे घेतो. सोळाव्या वर्षी कराराच्या मागे लागू नये, हे मात्र मागे घेत नाही. मुलगी आता कशी आहे?

आई_मैदानातली
अकरा महिने मैदान बंद होतं. आता कोच बदललाय, पोटभर जेवते, ४०० पळते. गेल्या महिन्यात ५८.७.

घड्याळी_बाबा
पहिले २०० किती सेकंदांत गेले, ते कळवा.