जनरेटरमध्ये बायोडिझेल वापरल्यास पर्यावरणाला खरोखर फायदा होतो का?

हिंगणारोड (प्रश्न):
नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीत आमचा छोटा कारखाना आहे. वीज गेली की डिझेल जनरेटर चालवावा लागतो आणि सुरू करतानाच्या काळ्या धुराबद्दल शेजाऱ्यांची तक्रार असते. एका पुरवठादाराने २० टक्के बायोडिझेल मिसळलेले ‘बी-२०’ इंधन सुचवले आहे. ते वनस्पतिजन्य असल्याने प्रदूषणमुक्त आहे, असे तो सांगतो. हा दावा कितपत खरा मानावा?

जुनामेकॅनिक:
प्रदूषणमुक्त मुळीच नाही, पण धूर कमी होतो हे खरे. बायोडिझेलमध्ये वजनाने सुमारे ११ टक्के ऑक्सिजन असल्यामुळे ज्वलन अधिक पूर्ण होते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने ट्रक-बसच्या इंजिनांवरील चाचण्यांचे २००२ मध्ये विश्लेषण केले; त्यात सोयाबीनच्या बी-२० मुळे धुरातील कण सुमारे १० टक्के, कार्बन मोनॉक्साइड ११ टक्के आणि न जळलेले हायड्रोकार्बन २१ टक्के घटल्याचे, मात्र नायट्रोजनची ऑक्साइडे २ टक्के वाढल्याचे दिसले. नागपूरच्या उन्हात याच ऑक्साइडांपासून जमिनीलगतचा ओझोन तयार होतो, त्यामुळे ही वाढ अगदीच दुर्लक्षण्याजोगी नाही. गंधक नसल्याचे कौतुक पुरवठादार करीलच. पण बीएस-६ डिझेलमध्येही ते आता दशलक्षात १० भागांपर्यंतच असते. आणि २०१४ साली शहरात धावलेल्या हिरव्या बसचा दाखला त्याने दिलाच, तर ती बस इथेनॉलवर चालत होती.

करंजतेल:
वरील आकडे केवळ धुराड्यातून निघणाऱ्या वायूंचे आहेत. जळताना निघणारा कार्बन डायऑक्साइड वनस्पतीने आधी हवेतूनच घेतलेला असला, तरी खत, नांगरणी, वाहतूक आणि तेलावर प्रक्रिया करण्यासाठी लागणारे मिथेनॉल यांचा हिशेब राहतोच, आणि पामच्या लागवडीसाठी जंगल तोडले किंवा दलदलीची जमीन कोरडी केली असेल, तर एकूण उत्सर्जन साध्या डिझेलपेक्षाही जास्त भरू शकते. तळणासाठी वापरून झालेल्या तेलाला वेगळी शेतजमीन लागत नाही, म्हणून माझ्या मते तोच सर्वांत निर्धोक कच्चा माल आहे. विदर्भात रस्त्याकडेला उभ्या असलेल्या करंजाच्या बियाही चालतील. मात्र त्या गोळा करून वेळेवर घाण्यापर्यंत पोहोचवणे कष्टाचे असते. तेव्हा तेल कशाचे आहे, हे पुरवठादाराला लेखी विचारावे.

हिंगणारोड:
विचारले. ‘मिश्र वनस्पती तेल’ एवढेच उत्तर आले.

जुनामेकॅनिक:
मग घाई करू नये. मूळ बायोडिझेल आयएस १५६०७ या मानकाप्रमाणे असल्याचा तपासणी अहवाल मागावा. आपला जनरेटर अधूनमधूनच चालतो, हेही ध्यानात घ्यावे. हे इंधन पाणी ओढून घेते आणि महिनोन्‌महिने टाकीत पडून राहिल्यास आंबूस वास येऊन त्यात चिकट साका धरतो. शिवाय ते टाकीतला जुना गाळ सोडवते, म्हणून सुरुवातीला फिल्टर लवकर बदलावा लागेल. तक्रार मुख्यतः काळ्या धुराची असेल, तर आधी इंजेक्टर आणि एअर फिल्टर तपासून घ्यावेत. त्याला पुरवठादार बदलावा लागत नाही.