जोतं किती उचलायचं?

चिखलीचा_म्हसरंवाला:
कोल्हापूरजवळ, पंचगंगेकाठच्या प्रयाग चिखलीत घर पाडून नवं बांधतोय. जुन्या भिंतीवर आईनं कोळशानं पुराच्या पाण्याच्या दोन रेघा ओढल्यात, २०१९ ची आणि २०२१ ची. दोन्ही चौकटीच्या वर. नदीची पातळी मोजतात त्या राजाराम बंधाऱ्यावर तेव्हा ५५ फूट ७ इंच आणि ५६ फूट ३ इंच होतं. गवंडी म्हणतोय, पिलर घ्या, वरच्या रेघेवर दोन फूट टाका आणि झोपा निवांत.

पण माझं भ्या वेगळंच हाय. १९ ला पाणी दमानं चढलं, म्हसरं वर उंचावर सोनतळीला न्हेता आली. २१ ला जुलैच्या २२-२३ तारखेला दोन दिवसांत सगळं उरकलं. उंचीपेक्षा वेळच कमी पडला. आपत्तीच्या आराखड्यात बोट आणि शाळेतला निवारा हाय, हवामानबदलाच्या फायलीत झाडं आणि सोलर. म्हसरं कुठल्याच कागदावर न्हाईत. काय करू?

निवृत्त_पाटबंधारे:
आधी निळी आणि लाल पूररेषा बघा. निळी म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल १०० वर्षांतला. ही वर्षं जुन्या नोंदींवरून काढतात. हवा एक अंशानं तापली की साधारण ७ टक्के जास्त बाष्प धरते, मग जुना हिशोब कसा टिकणार? पिलर घ्या, खालची बाजू मोकळी सोडा. मुरमाचा भराव टाकू नका, पाणी शेजाऱ्याच्या अंगावर जातं. (नोकरीत हे सांगून सांगून घसा बसला.) आणि बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोका पातळी यायची वाट बघू नका, ३९ च्या इशाऱ्यालाच हला.

कुंभार_गल्ली_शाहूपुरी:
आमच्या शाडूच्या मूर्ती १९ ला विरघळल्या, सणाला महिनाही नव्हता. तेव्हापासून जुलै लागला की अर्धा माल उंचावरच्या भाड्याच्या शेडमध्ये. भाडं जातं, पूर न आल्यावर नवरा कुरकुरतो. कुरकुरू दे.

ऊसवाला_शिरोळ:
भावा, उसाचं पण सांग की! पोंगा, म्हणजे वाढता शेंडा, बुडला की ऊस संपला, मग बाजूनं पांगशा फुटत बसतात. नदीकडच्या पट्ट्यात मी आता वैरणच करतो.

चिखलीचा_म्हसरंवाला:
सोनतळीचा पुनर्वसनाचा प्लॉट आज्ज्याच्या नावावर तसाच पडून हाय. तिथं आधी गोठा घालतो, जूनमध्येच म्हसरं वर न्हेतो. दूध घालायला रोजचा हेलपाटा पडंल. घराचे पिलर त्यानंतर. आई म्हणती, नव्या भिंतीवर कोळसा मीच लावणार.