मदत हवी आहे: मशीन म्हणतं पोचट गहू 8%, बाबा म्हणतात निम्माच. कोणाचं धरायचं?

नमस्कार. आमच्या गव्हाचा नमुना काल मशीनवर तपासून आणला. ट्रेमध्ये दाणे पसरतात, वरून फोटो निघतो आणि लगेच कागद हातात येतो. त्यावर असं लिहिलंय: एकूण दाणे 500, पोचट 40 (8%), फुटके 9 (1.8%), किडके 2 (0.4%). पोचट जास्त निघाले म्हणून माल एक प्रत खाली गेला.

बाबांना हे पटलेलं नाही. आयुष्यभर ओंजळीत धान्य घेऊन पारखलंय त्यांनी. पोचट चार टक्क्यांच्या वर नाहीच, असं ते ठामपणे सांगतात. मला मशीन खोटं पाडायचं नाहीये, पण बाबांची नजर दुपटीने चुकेल असंही वाटत नाही. तपासलेला नमुना पुडीत बांधून परत दिलाय. त्यातले दाणे उलटे करून बघितले तर किडका आणखी एक सापडला, सोंड्या किड्याचं भोक नेमकं खालच्या अंगाला होतं. म्हणजे मशीनची एक चूक आमच्या फायद्याचीही झालीय. हा कागद वाचायचा कसा?

प्रतिसाद 1

ताई, दोघंही बरोबर असू शकतील. टक्के नगावर काढलेत की वजनावर, ते आधी बघा. 500 पैकी 40 म्हणजे 8%, हा सरळ नगाचा हिशोब झाला. प्रतवारीच्या मर्यादा मात्र बहुधा वजनावर दिलेल्या असतात. भरलेला दाणा 40 मिलिग्रॅमचा आणि पोचट त्याच्या निम्मा धरा. 40 पोचट म्हणजे 0.8 ग्रॅम, उरलेले 460 म्हणजे 18.4 ग्रॅम. एकूण 19.2 ग्रॅममध्ये पोचट जेमतेम 4.2% होतात. बाबा ओंजळीत वजनच तोलतात, डोळ्यांनी नग मोजत नाहीत. फुटक्यांचंही तसंच, एका दाण्याचे दोन तुकडे झाले की फोटोत दोन नग दिसतात. काही मशीन फोटोतल्या आकारावरून वजनाचा अंदाज बांधतात, तेव्हा तुमचं कोणतं ते विचाराच.

प्रतिसाद 2

वरचं बरोबर आहे, पण 500 दाणे म्हणजे जेमतेम 20 ग्रॅम. इतक्यावर 8% आलं तर नुसत्या योगायोगाने खरा आकडा साडेपाच ते साडेदहाच्या मध्ये कुठेही असू शकतो. त्यात नमुना पोत्याच्या तोंडाशीच घेतला असेल तर तो अख्ख्या मालाचा नव्हेच. धान्य ओतताना हलके दाणे आणि काडीकचरा एकीकडे सरकतो, जड दाणे दुसरीकडे. प्रत्येक पोत्यात वर, मध्ये, तळाशी पोकळ सळई खुपसून धान्य काढा, एकत्र कालवा, ढिगाचे चार भाग करा, समोरासमोरचे दोन ठेवा, आणि हवा तेवढा नमुना उरेपर्यंत हेच करत राहा. असे निदान तीन नमुने तपासून घ्या. ट्रेमध्ये दाणे एकमेकांना चिकटू देऊ नका, दोन मिळून एकच धरला जातो.

मूळ धागाकर्ती

दादा, दोघांचेही आभार. पुडीतले पोचट बाबांनी स्वतः निवडले, 36 निघाले. सोनाराच्या काट्यासारखा बारीक काटा मिळवून तोलले: 0.72 ग्रॅम. पूर्ण पुडी 19.3 ग्रॅम. पावणेचार टक्के पडतात. मशीनचे उरलेले चार दाणे कोणते ते अजून कळलेलं नाही. आडवे पडून बारीक दिसले असतील का? उद्या प्रत्येक पोत्यातून नमुना काढतोय, आणि टक्के वजनावर लिहून द्या असं आधीच सांगणार आहे.