जिन्यातल्या चकचकीत काचेवर पक्षी आदळतात, ससाण्याचं स्टिकर लावूनही

जिनेकरी :
नमस्कार मंडळी. आमच्या जिन्याला मधल्या टप्प्यापासून थेट छतापर्यंत एकसंध काच आहे. ऊन अडावं म्हणून बाहेरून आरशासारखी चकाकणारी घेतली. समोर झाडं आहेत. दिवसा बाहेरून पाहिलं तर काच दिसतच नाही, झाडांची आणखी एक रांग दिसते. पक्षी तिच्यात शिरायला जातात. बुलबुल, एकदा खंड्या, आणि परवा एक कवडा इतक्या जोरात आदळला की काचेवर त्याच्या पंखांचा पांढरट ठसा उमटलाय, पीस न् पीस मोजता येईल असा.

ससाण्याचं काळं स्टिकर मधोमध लावलं होतं. कवडा त्याच्यापासून वीतभर अंतरावर आदळला. आतून जाड पडदे ओढून पाहिले, काही फरक नाही. शिवाय खालच्या खिडकीवर एक दयाळ रोज सकाळी चोची मारत बसतो. तोही यातलाच प्रकार का? घरच्यांची अट एकच, जिन्यातला उजेड जाता कामा नये.

तळ्याकाठी :
दयाळाचं प्रकरण वेगळं आहे. विणीच्या हंगामात त्याला काचेत दुसरा नर दिसतो आणि तो हद्दीसाठी भांडतो. त्यात सहसा मरत नाही, दमतो मात्र. तेवढ्या भागावर बाहेरून साबणाचं पाणी फासा किंवा कागद चिकटवा, हंगाम सरला की काढा. जिन्यातले पक्षी भांडायला येत नाहीयेत, त्यांना तिथे काच आहे हेच कळत नाही. त्यावर काचवाले भाऊ जास्त सांगतील.

काचवाला :
हाक मारलीत, आलो. माझा धंदाच काचा बसवण्याचा, त्यामुळे काचेची निंदा माझ्याकडून फारशी ऐकायला मिळणार नाही. पण एवढं सांगतो की आरशी काच आणि समोर झाडं ही जोडी पक्ष्यांसाठी सगळ्यात वाईट.

ससाणा हलत नाही, झेपावत नाही. पक्ष्याच्या लेखी तो एक काळा डाग, आणि डाग टाळून तो शेजारच्या ‘झाडात’ घुसतो. तुमच्या कवड्याने तेच केलं. खुणा अख्ख्या काचेवर हव्यात, आणि इतक्या जवळ की दोन खुणांमधून आपण निसटू असं पक्ष्याला वाटू नये. अमेरिकेतले पक्षीशास्त्रज्ञ डॅनियल क्लेम १९७०च्या दशकापासून याच विषयाचा पाठपुरावा करताहेत. उभ्या रेघांमध्ये १० सेंमी अंतर, आडव्या रेघांमध्ये ५ सेंमी, हे माप त्यांच्या प्रयोगांमुळे रूढ झालं. अगदी छोटे पक्षी १० सेंमीच्या फटीतूनही जाऊ पाहतात, म्हणून आता सगळीकडून ५ सेंमीच धरा असं सांगतात. रेघांऐवजी ठिपके काढलेत तर प्रत्येक ठिपका निदान ६ मिमीचा हवा.

आणि खूण बाहेरच्या अंगाला! आतून लावलं की शिडी लागत नाही, म्हणून सगळे आतूनच लावतात. पण प्रतिबिंब बाहेरच्या पृष्ठभागावर पडतं, आत काय चिकटवलंय ते त्याच्यामागे लपून जातं. तुमच्या पडद्यांचं तेच झालं. पडदे गडद असतील तर आरसा उलट अधिकच लख्ख होतो.

उजेडाचं म्हणाल तर ६ मिमीचे ठिपके ५ सेंमीवर मांडले की काचेची जेमतेम १ टक्का जागा झाकली जाते. करा गुणाकार. शिकागोच्या मॅककॉर्मिक प्लेसमध्ये, तळ्याकाठच्या त्या भल्यामोठ्या काचेच्या इमारतीवर, ऑक्टोबर २०२३ मध्ये एका दिवसात हजाराच्या आसपास स्थलांतरी पक्षी आदळून मेले. पुढच्या वर्षी बाहेरून ठिपक्यांची फिल्म लावली आणि मरणाऱ्यांचं प्रमाण ९० टक्क्यांहून जास्त उतरलं. आतल्या लोकांना तळं अजूनही दिसतं.

नवं बांधकाम करणाऱ्यांनी मुळात ठिपके भाजलेली, म्हणजे कारखान्यातच भट्टीत ठिपके पक्के केलेली काचच घ्यावी. न्यूयॉर्कच्या २०२०च्या कायद्याने नव्या इमारतींना जमिनीपासून ७५ फुटांपर्यंत पक्ष्यांना दिसेल असंच बाह्यावरण सक्तीचं केलंय. धडका झाडांच्या उंचीपर्यंत जास्त होतात. उंच मनोरे उगाच बदनाम आहेत, दोन मजली घरंही काही कमी पक्षी मारत नाहीत.

जिनेकरी :
काचवाले, आभार. माणसांना न दिसणारे, अतिनील रंगाचे ठिपके मिळतात म्हणे. ते लावले तर घरचेही खूष आणि पक्षीही?

काचवाला :
घरचे नक्की खूष. पक्ष्यांचं सगळ्यांचं नाही. बऱ्याच गाणाऱ्या पक्ष्यांना तो रंग दिसतो, पण कबुतरं-कवडे आणि शिकारी पक्षी यांची नजर त्याला तितकी तीव्र नसते. ढगाळ हवेत, पहाटे तो प्रकाशच कमी असतो. काही स्टिकरांचा तो लेप उन्हाने उतरतो, आणि उतरलाय हे आपल्याला दिसणार कसं? मी लावत नाही.

फिल्म नको असेल तर काचेपुढे, बाहेरून, ३ मिमी जाडीच्या दोऱ्या १० सेंमीवर सोडा. दोऱ्या काचेच्या पुढे लोंबत्या असल्याने हे अंतर पुरतं. वर एका पट्टीला बांधायच्या, बस्स.

तळ्याकाठी :
एक भर. आदळलेला पक्षी जिवंत दिसला तर पुठ्ठ्याच्या झाकणाच्या खोक्यात, हवेला भोकं पाडून, अंधाऱ्या शांत जागी ठेवा. पाणी पाजू नका, चारा भरवू नका, उघडून सारखं पाहू नका. तासा-दोन तासांनी बाहेर नेऊन झाकण काढा. न उडाल्यास वन्यजीव उपचार करणाऱ्यांकडे द्या. लगेच उडून गेला म्हणजे वाचला असंही नाही, आतला रक्तस्राव नंतर जीव घेतो.

आणि पक्ष्यांसाठी दाण्याचं भांडं ठेवत असाल तर काचेपासून १ मीटरच्या आत ठेवा. तिथून उडाला तरी वेग पकडायला वाव नसतो. तीन-चार मीटरवर ठेवलंत की वेगाने आदळण्याची सोय करून दिलीत.

जिनेकरी :
भांडं नेमकं तेवढ्याच अंतरावर आहे, आजच हलवतो. घरी दोऱ्यांवर एकमत झालंय. वाऱ्याने त्या काचेवर टकटक करणार नाहीत ना? खालूनही बांधू का?

काचवाला :
खालून मोकळ्याच राहू द्या. थोड्या हलल्या तर उलट चांगलं. पट्टी काचेपासून चार-पाच सेंमी पुढे घ्या, म्हणजे टकटक नको. दोऱ्या चकचकीत नकोत, गडद रंगाच्या घ्या, आणि काचेच्या दोन्ही कडांपर्यंत न्या. कडेला हातभर जागा सोडलीत तर पक्षी नेमका तिथूनच शिरायला बघेल.