प्रतिसाद: जमीन फाटते, मग खचते कशाला?

दादा, तुम्ही विचारलंय की प्लेटा (पृथ्वीच्या कवचाचे सरकणारे मोठे तुकडे) दूर सरकत असतील तर मधात नुसती भेग पडायला हवी, जमीन खाली का जाते? प्रश्न अगदी मुद्द्याचा आहे.

ताण पडला की कवच बहुधा तिरकं तुटतं, साधारण ६० अंशांच्या उतारावर. दोन्ही बाजू लांब गेल्या की मधला तुकडा त्या उतारावरून घसरून खाली बसतो. हाच सामान्य भ्रंश. असे दोन समोरासमोर आले की खचदरी होते. अटलांटिकच्या तळाशी प्लेटा वर्षाला जेमतेम २-३ सेंमी सरकतात, तिथे दरी खोल आहे. पूर्व पॅसिफिकमध्ये वेग कितीतरी जास्त, शिलारसही (खालून येणारा वितळलेला खडक) भरपूर, म्हणून तिथले भ्रंश बुटके.

शिलारसाला विसरू नका. २००५ साली इथिओपियाच्या अफारमध्ये जमिनीखाली सुमारे ६० किमी लांब भेगेत तो घुसला. काही ठिकाणी भेग ८ मीटरपर्यंत रुंदावली आणि वरचे भ्रंश घसरले.

हे समजायला आफ्रिकेत जायची गरज नाही. आपल्या वर्धा खोऱ्यातला कोळसा अशाच ताणाने खचलेल्या पट्ट्यात टिकून राहिला. फाटणं अर्ध्यावर थांबलं, म्हणून अटलांटिकसारखा समुद्र काही झाला नाही. वणीकडच्या खुल्या खाणींत कोळशाचा काळा थर चालता चालता एकदम तुटतो आणि पलीकडे बराच खाली पुन्हा सुरू होतो. मधात चुरडलेला दगड असतो, बोटांनी कुस्करला जाईल इतका ठिसूळ. इथे कुणी खाणीत कामाला असेल तर त्या फटीच्या भिंतीवर घासल्याच्या रेघा आहेत का बघा आणि सांगा. कोणत्या दिशेने घसरलं ते त्यावरूनच कळतं.