कोळसा धुताना माणूस गोरा दाखवायचा का? (केबलची ३० सेकंदांची जाहिरात)

प्रश्न
हिंगणा एमआयडीसीतल्या कपडे धुण्याच्या पावडरची जाहिरात नागपूरच्या केबलवर लावायची आहे. स्क्रिप्ट अशी: उमरेडच्या खाणीतला काळासावळा कामगार टबात उतरतो अन् गोरापान होऊन बाहेर येतो. पार्टी (जाहिरात देणारी कंपनी) म्हणते, कोळसाच तर निघाला, यात रंगाचं काय? हे नियमात बसतं का? शूट तीन दिवसांवर आहे, कमीत कमी काय बदलावं?

उत्तर १
नाही बसत, भाऊ. केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम १९९४ मधल्या नियम ७ नुसार वंश, जात, रंग, पंथ किंवा राष्ट्रीयत्वावरून हेटाळणी करणारी जाहिरात चालत नाही. ॲस्की या जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन संस्थेची संहिता मोडणारी जाहिरातही तिथेच अडते. प्रसारण थांबवायचा अधिकार जिल्हाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी आणि पोलीस आयुक्तांकडे आहे, त्यामुळे पार्टीच्या आधी केबलवाला अडकतो.
२०१६ मध्ये चीनमधल्या छ्याओबी डिटर्जंटच्या जाहिरातीत कृष्णवर्णीय तरुण वॉशिंग मशीनमधून गोरा चिनी होऊन निघाला. जगभरातून टीका झाली, कंपनीला माफी मागावी लागली. तुमची स्क्रिप्ट हुबेहूब तीच आहे.

उत्तर २
कोळसा बसतो कॉलरच्या घडीत, कफात, नखांच्या कडेला. तो कातडीचा रंग नाही, हे पार्टीला ठासून सांगा. टब काढून टाका. शर्ट धुवा, माणूस तोच ठेवा.
आता लाइट. पांढऱ्या शर्टावर एक्स्पोजर (कॅमेऱ्यात किती उजेड घ्यायचा ते) धरलं की सावळा चेहरा बुडतो, मग एडिटर चेहरा उजळवतो आणि तो राखट दिसतो. लाइट मीटर चेहऱ्यावर धरा, शर्टावरचा उजेड नेटने (लाइटपुढे धरायच्या जाळीने) कमी करा, बाजूने मोठा सॉफ्ट लाइट द्या. फिकट पावडर थापू नका, कातडीची चमक राहू द्या. व्हेक्टरस्कोपवर (चित्रातले रंग दाखवणाऱ्या आलेखावर) सावळी आणि गोरी कातडी जवळपास एकाच रेषेवर येते, फरक मुख्यतः उजेडाचा. म्हणून 'स्किन टोन दुरुस्त करतो' म्हणणाऱ्याला हात लावू देऊ नका. पहिला आणि शेवटचा शॉट एकाच लाइटमध्ये घ्या, मग दोन्ही चेहरे शेजारी ठेवून तपासा.

प्रश्नकर्ता
नट गोरा ठरला आहे, त्याला काळा मेकअप चालेल?

उत्तर १
अजिबात नाही. २०१९ मध्ये सिंगापुरात ई-पेमेंटच्या जाहिरातीत चिनी वंशाच्या नटाला काळा करून भारतीय दाखवला होता. जाहिरात काढावी लागली, माफीही मागावी लागली. सावळा नट घ्या आणि त्याला नुसतं मळकं उभं करू नका, एक संवाद द्या. कोळसा अडचणीचा वाटला तर सावजी रश्श्याचा तेलकट डाग घ्या. हळद-तिखटाचा डाग क्लोजअपमध्ये छान उठतो.

उत्तर २
व्हॉइसओव्हरही बघा. 'गोरा' काढा. 'पांढराशुभ्र' ठेवा, पण तो शब्द येईल तेव्हा पडद्यावर शर्टच हवा, चेहरा नको.